विजेची गाडी घ्यायच्या आधी अस्काले आत्याचं ऐक

अदिस अबाबा,
हिदार महिन्याची सतरा तारीख

प्रिय ताम्रात,

तुझ्या पायाला, पायावरच्या प्लास्टरला आणि प्लास्टरच्या आत जिथे खाजतं पण हात पोचत नाही त्या जागेला वोर्कनेह भाऊजींचे अनेक आशीर्वाद. आम्ही इथे देवाच्या कृपेनं बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी ताई फंताये बरी आहे, गुडघा सोडून. मी बरा आहे, झोप सोडून. शेजारीपाजारी सगळे तुझी चौकशी करतात, आणि 'हवासासारख्या सपाट गावात माणूस जिन्यावरून पडतोच कसा' हेही विचारतात.

तू फोनवर विचारलंस, 'भाऊजी, विजेची गाडी घेतोय, आधी काय काय बघून घ्यावं?' मी तेव्हा 'पत्र लिहितो' म्हणून फोन ठेवला आणि तुला राग आला. एक तर तू फोनवर ऐकत नाहीस, 'हो, हो, ते माहितीये' करत मध्येच घुसतोस. आता पाय बांधलेला आहे, पत्र टाकून कुठे पळून जाशील? दुसरं कारण असं की या घरात फोनवर हळू बोलायची सोय राहिलेली नाही. ते का, ते पुढे येईल. तर आता क्रमानं सांगतो. (मी छत्तीस वर्षं नोंदणी कचेरीत काढली आहेत, क्रम मला चांगला समजतो.) पहिला मुद्दा असा, की दलाल जेवढे किलोमीटर सांगेल त्यातले एक तृतीयांश तिथेच त्याच्या दुकानात सोडून ये. माझा दलाल चारशे म्हणाला होता. असतील चारशे, पण ते चीनमधले. आपल्याकडे चढ आहेत, खड्डे आहेत, आणि गाडीत चार माणसं बसली की पाचवा पाहुणचाराचा डबा असतोच. दुसरा मुद्दा चार्जिंगच्या तोंडाचा. पण तो सांगायचा तर वोल्किते गावापर्यंत जावं लागेल, आणि वोल्कितेला आम्ही का गेलो ते सांगितल्याशिवाय काहीच नीट कळणार नाही.

सिराक गेल्याचं तुला कळलंच आहे. पण कसं घडलं ते कुणी धड सांगितलं नसेल. माझ्या अस्काले आत्याचा एकुलता एक मुलगा, जिम्माच्या शाळेत कवायतीचा मास्तर, सेहेचाळीस वर्षांचा, घोड्यासारखा धट्टाकट्टा. मुलांना पळायला लावलं, शिट्टी तोंडात धरली, आणि वाजवायच्या आधीच खाली बसला. मुलांना वाटलं, सर गंमत करतायत. एवढंच. दुपारची वेळ होती. संध्याकाळी हेडमास्तरांचा फोन मला आला, कारण आत्या माझ्याकडे राहते, आणि अशी बातमी कुणी थेट आईला देत नाही. उद्या दुपारी तीनला मूठमाती, ते म्हणाले. त्यापुढे थांबवता येणार नाही, ऊन फार आहे. मी फोन ठेवला तेव्हा आत्या शेजारच्या खोलीत कॉफी भाजत होती आणि मला ओरडून विचारत होती, कोणाचा रे फोन? मी म्हटलं, कचेरीतून. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली आहेत.

आमच्या गल्लीच्या मर्तिक-मंडळाचे, एदिरचे, प्रमुख अयालेव तुला आठवत असतील, तेच ते, ज्यांनी तुझ्या लग्नात मांडवाचे दोर मोजून घेतले होते. गल्लीत कुणी गेलं की तंबू, बाकं, भांडी, सगळं त्यांच्या हुकमानं हलतं. पण त्यांची खरी ख्याती वेगळी. मरणाची बातमी सांगावी तर अयालेवांनी. माणसाला आधी 'जरा बरं नाही' म्हणून उठवायचं, मग 'जरा जास्तच आहे' म्हणून गाडीत घालायचं, मग गावाच्या वेशीवर जिथे आपली माणसं, रडायला बायका, धरायला हात सगळे तयार उभे असतात तिथे उतरवायचं, आणि मगच तोंड उघडायचं. आजवर त्यांच्या हातून एकही माणूस एकटा रडलेला नाही, असं ते छाती ठोकून सांगतात, आणि ते खरं आहे. रात्री एदिरची बैठक झाली. ठरलं असं, की पहाटे निघायचं, आत्याला सांगायचं सिराकच्या पित्ताशयात खडा झालाय, दवाखान्यात आहे, आईला बघायचं म्हणतोय. जिम्माच्या वेशीवर शाळेचे मास्तर आणि बायका उभ्या राहतील. तिथे अयालेव सांगतील. मग तीनच्या आत तिला लेकाचं तोंड दिसेल.

आता ऐक, कारण इथे माझं पाप आहे. अयालेव म्हणाले, माझ्या साडूची मिनीबस आहे, डिझेलची, टाकी भरलेली आहे, तिनं जाऊ. आणि मी, सगळ्या गल्लीसमोर, हात हलवून म्हणालो, मिनीबस कशाला? माझी गाडी आहे ना! आठ महिने झाले होते गाडी घेऊन, पण एवढ्या लांब नेलीच नव्हती. मला दाखवायची होती. मेलेल्या माणसाकडे जाताना मला गाडी दाखवायची होती, ताम्रात. हे मी तुझ्या ताईलाही अजून बोललेलो नाही. वायर लावून झोपलो आणि रात्रीत गल्लीची वीज गेली. सकाळी बघतो तर अठ्ठावन्न टक्के. (तिसरा मुद्दा लिहून घे. रात्री वायर लावली म्हणजे सकाळी गाडी भरलेली असते हा समज सोडून दे. उठून बघावं लागतं, तान्ह्या मुलासारखं.) मी कुणाला काही बोललो नाही. म्हटलं, वाटेत भरू.

विजेच्या गाडीला पुढे इंजिन नसतं, बॉनेटखाली एक रिकामी पेटी असते. फंतायेनं तिच्यात सगळ्यांचे काळे कपडे आणि मेणबत्त्या दडवल्या आणि आम्ही पांढऱ्या, घरच्या कपड्यांत, सहलीला निघाल्यासारखे बसलो. मी गाडी चालवतोय, शेजारी अयालेव, मागे आत्या आणि फंताये. आत्याला ऐकायला कमी येतं असं आम्ही सगळ्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं, कारण हाक मारली की ती येत नाही. सेबेताच्या नाक्यावर वाहनं तुंबली. अयालेव माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, तीन म्हणजे तीनच ना? तोंड उघडं ठेवलंय ना त्याचं? माउलीला बघायला मिळेल ना? मीही तितक्याच हळू म्हटलं, तीनलाच. हेडमास्तर म्हणाले शवपेटी चर्चमध्ये नेली आहे, ती येईपर्यंत झाकण लावत नाहीत. आमच्या जुन्या गाडीत आम्ही अशा किती गोष्टी बोललो होतो! किती लोकांना असं नेलं, पुढच्या सीटवर सगळं ठरायचं आणि मागे कुणाला पत्ता नसायचा. मागून आत्यानं भाजलेल्या बार्लीची पिशवी मागितली. फंतायेनं दिली. आत्या थोडा वेळ पिशवी नुसती धरून बसली आणि मग तिनं विचारलं, काल सिराकनं काय खाल्लं?

आता खोटं बोलायची तयारी आम्ही केली होती, पण ती खड्याची आणि दवाखान्याची. जेवणाची केली नव्हती. फंताये पटकन म्हणाली, पेज. आत्या म्हणाली, कसली? बार्लीची. कुणी केली? आता त्यानं लग्न केलेलं नाही, हे तर सगळ्या जगाला माहीत. फंताये अडकली. अयालेव धावून आले, म्हणाले, तिथे एक नर्स आहे, फार प्रेमळ, तिनं केली. आत्या म्हणाली, मीठ घातलं का? त्याला मीठ लागतं. अयालेव म्हणाले, कमी घातलं म्हणून तो रागावला तिच्यावर! आत्या हसली. खरंच हसली, आणि मग आम्हाला तिघांनाही चेव आला. तुला सांगतो, वोलिसो येईपर्यंत सिराक उशीला टेकून बसला होता. वोलिसोच्या पुढे तो डॉक्टरशी भांडला, कोंबडीचा रस्सा मागितला, नर्सनं त्याची शिट्टी काढून घेतली कारण तो पलंगावरून बाकीच्या रोग्यांना कवायत शिकवत होता. ही शिट्टी अयालेवांनी काढली. मी आरशातून बघत होतो, आत्या एकेक दाणा खात होती आणि पुढे काय, पुढे काय, करत होती. नर्सचं नाव काय? लग्न झालंय का तिचं? आम्ही तिला नाव दिलं, गाव दिलं, लग्न मात्र होऊ दिलं नाही, उगाच, आशा राहावी म्हणून. सगळे हसत होतो. फंतायेनं मग तोंड खिडकीकडे फिरवलं ते बराच वेळ तिकडेच होतं.

सव्वानऊला वोल्कितेत पोचलो तेव्हा गाडीत नऊ टक्के उरले होते आणि गाडीतली बाई बोलायला लागली होती. (गाडीत एक बाई आहे, ती चिनी बोलते. पट्टा लावा, दार लावा, मराल, काय ते तिलाच ठाऊक. भाषा बदलता येते असं दलाल म्हणाला होता. कशी, ते तो मला अजून सांगतोय.) हॉटेलच्या आवारात नवंकोरं चार्जिंगचं यंत्र उभं होतं, मी देवाचे आभार मानले. आणि आता दुसरा मुद्दा. प्रत्येक गाडीचं तोंड वेगळं असतं, ताम्रात. यंत्राची नळी युरोपातली, गाडीचं तोंड चीनचं. बसेना. मी ढकलतोय, हॉटेलचा माणूस ढकलतोय, अयालेव गाडी हलू नये म्हणून तिला पोट टेकवून उभे. शेवटी हॉटेलच्या माणसाला वाटलं दुसरं तोंड पुढे असेल, त्यानं बॉनेट उघडलं, आणि काळे कपडे आणि दोन डझन मेणबत्त्या सगळ्या दुनियेसमोर. आत्या तिथेच उभी होती. अयालेव म्हणाले, गॅरेजवाल्याचे कपडे आहेत, तेलकट होतात म्हणून काळे घालतो. आत्या म्हणाली, आणि मेणबत्त्या? अयालेव म्हणाले, वीज जाते ना. आत्यानं मान हलवली. म्हणाली, हो, जाते खरी.

गेलीच. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून वायर ओढून आम्ही साध्या प्लगवर गाडी लावली होती, ताशी सहा टक्के, त्यालाही अर्धा तास झाला नसेल, तोवर गावाची वीज गेली. हॉटेलवाला म्हणाला जनरेटर आहे, डिझेल नाही. मग मी आणि अयालेव डब्बा घेऊन डिझेलच्या रांगेत उभे राहिलो. विचार कर. रांगा नकोत म्हणून मी विजेची गाडी घेतली, आणि मी डब्बा घेऊन रांगेत उभा होतो, डिझेल आणून जनरेटरमध्ये ओतायला, की त्यावर माझी गाडी भरावी. रांगेतल्या लोकांनी विचारलं, तेव्हा मी गाडी कुठली ते सांगितलंच नाही. जनरेटर सुरू झाला तेव्हा सव्वादहा वाजले होते. जिम्मा अजून एकशे नव्वद किलोमीटर, मध्ये गिबेची दरी, उतरायची आणि चढायची. अकरापर्यंत निघालो तरच तीनला पोचणार होतो, आणि पडद्यावर आकडा होता अकरा.

तू म्हणशील, मग रस्त्यावरून जाणारी बस का थांबवली नाही? थांबवल्या की! दोन बस गच्च भरलेल्या होत्या. कारण सांगितलं असतं तर जागा मिळाली असती, आपल्याकडे तेवढी माणुसकी आहे. 'आई आहे, मुलाच्या मूठमातीला चालली आहे' म्हटलं की चार माणसं उठून उतरली असती आणि छातीवर हात ठेवून रस्त्यात उभी राहिली असती. पण मग सांगावं लागलं असतं. आणि सांगायचं वेशीवर, अयालेवांनी, माणसं जमल्यावर, असं ठरलेलं. वोल्कितेच्या रस्त्यावर, एक फंताये आणि एक जनरेटर एवढ्याच सोबतीत आईला सांगायचं? अयालेव तयार होईनात. मी तयार होतो का? मीही नव्हतो. बायकोनं मला बाजूला ओढून म्हटलं, अहो, तोंड बघायला मिळालं नाही तर मरेपर्यंत तिच्या जिवाला लागेल, सांगून टाका. मी म्हटलं, अजून दहा मिनिटं, पंधरा टक्के होतील. मी टक्के मोजत होतो. एक आई तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि मी टक्के मोजत होतो.

आत्या अधूनमधून विचारायची, किती वाजले? मी दर वेळी अर्धा तास कमी सांगत होतो. अकराला पाच कमी असताना तिनं पुन्हा विचारलं, मी म्हटलं, साडेदहाला पाच कमी. ती उठली. सूर्याकडे बघितलं, ओढणी झटकली, अंगावरचे बार्लीचे दाणे खाली पडले, आणि ती सरळ रस्त्यावर गेली. मला वाटलं संडासाची जागा शोधतेय. कॉफीची रिकामी पोती घेऊन जिम्माकडे निघालेला एक ट्रक येत होता, तसला, ज्याला आपण रोज शिव्या घालतो आणि बाजूला होतो. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. ट्रक किंचाळत थांबला. ड्रायव्हर शिवी द्यायला बाहेर वाकला. आणि आत्या त्याला म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं, 'बाबा, माझा मुलगा मेलाय. जिम्माला. तीनला पुरतायत. मला ने.'

ताम्रात, मी आजवर पुष्कळ रडणं ऐकलंय. पण हे वाक्य तिनं रडून म्हटलं नाही. भाव विचारावा तसं म्हटलं. ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढली, तिला उचलून वर बसवलं. फंताये धावत गेली, बॉनेटमधून काळे कपडे ओढून काढले आणि ती पण चढली. आत्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं. रागानं नाही. मी अजूनही म्हणतो, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ट्रक गेला. अयालेव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि ढसाढसा रडायला लागले. मी म्हटलं, सिराक तुमचा लाडकाच होता. ते म्हणाले, सिराकचं नाही रे, आपलं कुठे चुकलं? चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही.

पुढचं थोडक्यात. एकवीस टक्क्यांवर आम्ही निघालो. गिबेच्या दरीत उतरताना गाडी थोडी वीज परत मिळवते, हे खरं आहे, हा तिचा एकच गुण मी खुल्या मनानं कबूल करतो. पण पलीकडच्या चढावर तिनं ती सगळी खाल्ली आणि पडद्यावर कासवाचं चित्र आलं. डोक्यावरून विजेच्या मोठाल्या तारा अदिसकडे चालल्या होत्या, अर्ध्या देशाची वीज त्या दरीतच तयार होते, आणि आम्ही तिच्याखाली माणसाच्या चालीनं चढत होतो. वानरं रस्त्याच्या कडेला बसून बघत होती. गाडीतली चिनी बाई न थांबता बोलत होती, लांब सुरात. अयालेव म्हणाले, ही बाई रडतेय का? मी म्हटलं, असेल. त्या दिवशी वेळेवर रडायला लागलेली ती एकटीच. सेकोरूत एका गिरणीवाल्यानं दळण थांबवून आम्हाला गिरणीच्या मोटारीचा मोठा प्लग दिला, त्यावर गाडी भराभर भरली. जिम्मात पोचलो तेव्हा सूर्य टेकत होता.

आता मरणघरी जाताना कसं असतं, गाडीचा आवाज आला की तंबूतले पुरुष बाहेर येतात, आलेला हंबरडा फोडतो, ते त्याला धरतात आणि आत नेतात. आमच्या गाडीला आवाजच नाही. आम्ही तंबूच्या तोंडाशी येऊन थांबलो तरी कुणाला पत्ता नाही. कुणी आलंच नाही धरायला. मी उतरलो, चोरासारखा उभा राहिलो, आता ओरडू की नको, ओरडलो तर किती मोठ्यानं, हा विचार करत, आणि हा विचार करता करता रडू गेलं. तसाच आत गेलो. आत्या समोर जमिनीवर बसली होती, डोक्यावरची ओढणी काढलेली, चेहरा नखांनी खरवडलेला. तिनं मान वर केली आणि भरल्या तंबूत विचारलं, 'चार्ज झाली का?' शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बावीस टक्के.

ती पोचली होती, एवढं तुला सांगतो. अडीचला पोचली. ट्रकवाला चर्चच्या फाटकापर्यंत भोंगा वाजवत गेला. झाकण लावलं नव्हतं. फंताये सांगते, आत्यानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि मगच तिच्या तोंडून आवाज आला. तो आवाज फंतायेनं मला ऐकवला नाही आणि मी विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे बसलो आणि सरळ विचारलं, आत्या, तुला कुणी सांगितलं? हॉटेलवाल्यानं? मेणबत्त्यांवरून कळलं का? ती म्हणाली, तूच सांगितलंस की. सेबेताच्या नाक्यावर. आणि अयालेवांनी. मी म्हटलं, पण आम्ही इतकं हळू बोलत होतो! ती म्हणाली, हळूच बोलत होता, पण तुझ्या गाडीत आवाज कुठे आहे? चर्चमध्ये असतं तेवढी शांतता. बहिऱ्यालाही ऐकू येईल. तर हा चौथा मुद्दा. खरं तर हाच पहिला पाहिजे होता, पण आता पानं फाडत बसत नाही. दलाल याला गुण म्हणून सांगेल. विजेच्या गाडीत पुढच्या सीटवर काहीही बोललं तरी मागच्या सीटवर पोचतं. आपल्या जुन्या गाड्यांनी आपली किती लाज राखली ते मला आता कळतंय.

आणि तेव्हापासून मला झोप नाही. सेबेता ते वोल्किते, तीन तास, आम्ही तिघं तिच्या मेलेल्या मुलाला पेज पाजत होतो, त्याचं नर्सशी जमवत होतो, हसत होतो, आणि तिला सगळं माहीत होतं. मला आता माझाच आवाज ऐकू येतो, 'कोंबडीचा रस्सा मागितला' म्हणताना. मी तिची माफी मागितली. ती उठून आत गेली.

बाकी सगळं क्षेम. गाडी घ्यायची तर घे, नाही तर नको घेऊस, मी कोण सांगणारा. नळीचं तोंड मात्र नक्की बघ. पायावर भार देऊ नकोस, जिन्याकडे बघूही नकोस. मुलांना माझे पापे.

तुझा,
वोर्कनेह भाऊजी

ता. क. : अयालेवांनी एदिरच्या बैठकीत ठराव मांडला आहे, की यापुढे मरणाची बातमी घेऊन विजेच्या गाडीतून कुणाला नेऊ नये. सर्वानुमते पास झाला. मीही हात वर केला.

ता. क. दोन : माझी गाडी विकत घेशील का असं विचारायला मी हे पत्र लिहितोय असा संशय तुला आला असेल. आला होता तसा विचार माझ्याच मनात. आता विकता येत नाही. कारण परतताना आत्या त्याच गाडीतून आली, मागच्याच सीटवर. मी जीव मुठीत धरून चालवत होतो. वोल्कितेला परत त्याच हॉटेलात, स्वयंपाकघराच्या प्लगवर, पाच तास. (वीज गेली नाही. घाई नसली की जात नाही.) बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण ती गाडीतून उतरेना. आणि मग एकदम म्हणाली, 'मग? त्या नर्सनं शिट्टी परत दिली का?' मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. फंताये तर रडायलाच लागली. आत्या म्हणाली, 'अगं, मला सगळं कळतं. मीच त्याच्या तोंडावरून हात फिरवलाय. पण तुम्ही इतकं छान सांगत होता. सेबेताला तो मेला आणि लगेच पेज प्यायला लागला. वोल्कितेपर्यंत होता माझ्याजवळ. मी नसते उतरले, पण तोंड बघायचं राहिलं असतं.' ताम्रात, तिला आम्ही फसवत नव्हतो. ती आमच्याकडून काढून घेत होती.

ता. क. तीन : तेव्हापासून रोज संध्याकाळी ती अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसते आणि मला हाक मारते. मी पुढे बसतो, ती मागे. मी सांगतो. आता बावीस दिवस झाले. नर्सनं शिट्टी दिली, सिराक घरी आला, शाळेत परत रुजू झाला, छप्पर गळतं म्हणून घरमालकाशी भांडला. ताम्रात, माझ्याजवळचा सगळा माल संपला. मी नोंदणी कचेरीतला माणूस, मला बनवून सांगता येत नाही, कालच तिनं मला पकडलं, 'हा सिराक नाही, हा तूच आहेस.' अयालेव येत नाहीत, त्यांचा धीर सुटलाय. तू जिम्माच्या कॉलेजात दोन वर्षं त्याच्या खोलीत राहिलास. तो झोपेत काय बडबडायचा, कुणाला पैजेवर उचलायचा, कुठल्या पोरीमागे होता, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तेवढं लिहून पाठव. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं, गाडीचं नुसतं निमित्त. चांगली वीस-पंचवीस पानं लिही, पाय बांधलेलाच आहे. खरं संपलं तर खोटं लिही, तुला जमतं. फक्त प्रत्येक ठिकाणी त्याला काहीतरी खायला घाल. ती आधी तेच विचारते.